धरलेली कंबर सोडवायची कशी: स्नायू, मज्जातंतू आणि मेंदू

गणपतीच्या चवथीआधी माळ्यावरची पितळी भांडी उतरवताना, लावणीच्या पहिल्याच दिवशी, किंवा हॉटेलात एकामागून एक खोल्यांच्या गाद्या उचलून चादरी खोचताना कंबर धरते. मग घरात कुणीतरी म्हणतं, गादी सरकली. शेजारी म्हणतात, शीर दबली. आणि एमआरआय निघालाच तर ‘मणक्यात गॅप’ पक्का होतो. यानंतर माणूस वाकायचं सोडतो, आणि खरी अडचण बऱ्याचदा तिथून सुरू होते.

कमरेच्या दर दहा दुखण्यांपैकी साधारण नऊमध्ये असं एकच बिघडलेलं ठिकाण दाखवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. त्यातली बहुतेक याच प्रकारची. दुखणं पूर्ण खरं असतं. फक्त ते एखाद्या मणक्यात बसलेलं नसून स्नायू, मज्जारज्जू आणि मेंदू यांनी मिळून लावलेल्या पहाऱ्यात असतं. हा पहारा धाक देऊन उठत नाही आणि नुसत्या विश्रांतीनेही उठत नाही. मोजून दिलेल्या हालचालीने तो सैल होतो. ती हालचाल किती, कधी आणि कुठे चुकते, ते पुढे क्रमाने दिलं आहे.

आधी धोक्याची चिन्हं पाहा

लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, स्कूटरच्या सीटला टेकतो त्या भागात बधिरपणा, दोन्ही पायांत एकदम अशक्तपणा. यातलं काहीही नव्याने सुरू झालं तर उद्याची वाट पाहायची नाही. मणक्यांच्या नळीत खाली मज्जातंतूंचा जो झुपका असतो, तो दाबला गेल्याची ही लक्षणं आहेत. दाब काढायला जितका उशीर, तितकं कायमचं नुकसान होण्याची शक्यता जास्त. १०८ ला फोन करा आणि बांबोळीला गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ) गाठा. रात्रीचे अडीच वाजले असले तरी. माडावरून किंवा काजूच्या झाडावरून पडून कंबर दुखत असेल तर तेही त्याच दिवशी दाखवायचं.

काही गोष्टींसाठी त्या आठवड्यात डॉक्टर गाठले तरी चालतात, पण टाळायचं नाही. संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं (मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे अजून आढळतो), पूर्वी झालेला कर्करोग, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स, कुशी बदलूनही फरक न पडणारं रात्रीचं दुखणं, हे त्या यादीत येतं. वय चाळिशीच्या आत, दुखणं तीन महिन्यांहून जुनं, सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त आखडलेपणा आणि हालचालीने आराम पण विश्रांतीने त्रास, असं चित्र असेल तर संधिवाततज्ज्ञाकडे जा. ते दुखणं वेगळं, त्याची औषधंही वेगळी.

दुखणं पायात उतरत असेल तर घरीच एक तपासणी करा. टाचांवर दहा पावलं चाला, मग चवड्यांवर दहा पावलं. मग भिंतीला हात टेकून एकेका पायावर टाच उचलून पाहा. टाचांवर चालताना एक पाऊल पुढून खाली पडत असेल, किंवा एका पायाची टाच उचलतच नसेल, तर ती मज्जातंतूमुळे आलेली अशक्तता असू शकते. डॉक्टरांना लवकर दाखवा. नुसत्या मुंग्या असतील तर त्या कुठे येतात ते लिहून ठेवा. पावलाच्या वरच्या बाजूला आणि अंगठ्याकडे असतील तर बहुधा पाचवा कमरेचा मज्जातंतू, पोटरीच्या मागून करंगळीकडे असतील तर त्याखालचा. डॉक्टरांना एवढं सांगितलंत तरी त्यांचं अर्धं काम होतं.

पहिले तीन दिवस

अंथरुणात पडून राहण्याचा सल्ला आता मोडीत निघाला आहे. जे पडून राहतात ते उशिरा बरे होतात. जाग असताना साधारण दर तासाला उठून घरातल्या घरात तीन ते पाच मिनिटं फिरा, सोप्यावर येरझाऱ्या घातल्या तरी चालेल. मधे आराम हवा असेल तर जमिनीवर चटई टाकून पाठीवर पडा आणि पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, कंबर आणि गुडघे काटकोनात. अशी दहा मिनिटं पुरतात.

शेकायची पिशवी टॉवेलात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. मधुमेहामुळे त्वचा बधिर असेल तर पिशवीचा गरमपणा दुसऱ्याने तपासावा. उठताना सरळ बसायला जाऊ नका. कुशीवर वळा, पाय पलंगाबाहेर सोडा, हाताने रेटा द्या.

सकाळच्या पहिल्या तासाला वेगळं वागवावं लागतं. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे सकाळी उंची सेंटिमीटरभर तरी जास्त भरते. त्या फुगलेल्या अवस्थेत खोल वाकण्याचा ताण अधिक पडतो. केर काढणं, खालच्या नळावर बादली भरणं, आंगण शेणाने सारवणं ही कामं तासाभराने करा. चहा उभ्याने प्या. काही बिघडत नाही.

गोळ्यांचं थोडक्यात. अचानक धरलेल्या कंबरेवर पॅरासिटामॉल आत औषधच नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरत नाही, असं २०१४ च्या मोठ्या ऑस्ट्रेलियन चाचणीत दिसलं. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक प्रकारच्या गोळ्यांचा थोडा उपयोग होतो, पण काही दिवसांपुरताच. मूत्रपिंडाचा त्रास, अल्सर, रक्तदाब, हृदयविकार किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर त्या विचारल्याशिवाय नाहीत. अफूजन्य गोळ्या २०२३ च्या चाचणीतही निरुपयोगी ठरल्या. फार्मसीतून दोन-तीन औषधं एकत्र असलेली पट्टी आणून महिनाभर खात राहणं ही आपल्याकडची सवय मात्र सुटायला हवी.

आत काय चालतं

पायाची करंगळी स्टुलाला आपटली की आधी सणकन कळ येते आणि सेकंदभराने ठणका सुरू होतो. दोन वेगळ्या तारांवरून आलेल्या या दोन बातम्या आहेत. पहिली वेगवान तंतूंमधून साधारण सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने येते, दुसरी बारीक आणि आवरण नसलेल्या तंतूंमधून सेकंदाला जेमतेम ०.५ ते २ मीटर. स्नायूंच्या दुखण्यात दुसरीचा वाटा मोठा. म्हणून ते बोथट, पसरलेलं आणि बोट ठेवून दाखवता न येणारं असतं. त्यात मज्जारज्जूतल्या एकाच पेशीवर त्वचा, स्नायू, सांधा अशा सगळ्यांच्या तारा येऊन मिळतात, त्यामुळे मेंदूलाही मूळ जागा नीट कळत नाही. कमरेतलं दुखणं कुल्ल्यात किंवा मांडीत जाणवलं म्हणजे ‘शीर दबली’च, असं म्हणूनच म्हणता येत नाही.

या तारांच्या टोकांवर आम्लता, दाह-रसायनं आणि ताण ओळखणारी ग्राहकं असतात. उष्णता आणि दाब ओळखणारी ग्राहकं शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. पण टोकाकडून निघालेला संदेश म्हणजे दुखणं नव्हे. मज्जारज्जूत त्याला गाळणी लागते. मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलं की स्पर्शाचे संदेश इथे दुखण्याच्या संदेशांना अडवू शकतात. ठेच लागल्यावर आपण ती जागा चोळतो ती म्हणून. मेंदूतूनही खाली उतरणारे मार्ग आहेत. ते हीच गाळणी कधी घट्ट करतात, कधी मोकळी. धोका वाटला, झोप झाली नाही, नोकरीची काळजी असली की ती मोकळी होते. सुरक्षित वाटलं, अंग हललं की घट्ट होते.

संदेश आठवडेच्या आठवडे येत राहिले तर मज्जारज्जूतल्या पेशीच जास्त संवेदनशील होतात. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये हे प्राण्यांत दाखवलं. मग साधा स्पर्श, साधं वाकणंही दुखतं. गावच्या राखणदाराने एकदा चोर पाहिला की पुढे पानाच्या सळसळीलाही तो काठी आपटू लागावा, तसं काहीसं. इजा भरून आलेली असते, पहारा उठलेला नसतो.

मेंदूत आणखी एक बदल होतो. नुकत्याच धरलेल्या कंबरेच्या रुग्णांचे मेंदू अमेरिकेतल्या अपकारियन यांच्या गटाने वर्षभर तपासले. ज्यांच्यात कपाळामागचा विचार-मूल्यमापनाचा भाग आणि बक्षीस-प्रेरणेचा गाभा यांचा संवाद सुरुवातीलाच घट्ट होता, त्यांचं दुखणं जुनं होण्याची शक्यता जास्त दिसली (२०१२). पुढच्या वर्षी त्यांनीच दाखवलं की दुखणं जुनं होता होता ते संवेदनेच्या भागांकडून भावनेच्या भागांकडे सरकतं. म्हणून सहा महिने जुन्या कंबरेवर फक्त मलम चोळून भागत नाही.

आता स्नायू. मणक्यांना चिकटून एक खोल स्नायू असतो, मल्टिफिडस. कंबर धरल्यावर काही दिवसांतच तो दुखऱ्या बाजूला बारीक झालेला सोनोग्राफीत दिसतो, आणि दुखणं थांबलं तरी आपोआप पूर्ववत होत नाही. ज्युली हाइड्स यांनी १९९६ मध्ये हे दाखवलं. खोल स्नायू झोपतो, वरचे लांब स्नायू मात्र दिवसभर ताठ राहतात. मेंदूच्या हालचाल-पट्टीत या दोघांच्या जागा निरोगी माणसात वेगवेगळ्या असतात, जुन्या कंबरदुखीत त्या एकमेकींत मिसळतात. परिणामी पाठ एका फळीसारखी हलते आणि मणक्यांवर स्नायूंचाच दाब वाढतो. पाठीला नुसती ‘ताकद’ देऊन भागत नाही ते इथे. ताठ राहणाऱ्याला आधी सोडायला शिकवावं लागतं.

बोटांनी तपासा: स्नायू सुटतो की नाही

सरळ उभे राहा. दोन्ही हातांची बोटं कमरेच्या खालच्या भागात, मणक्याच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं अंतरावर ठेवा. दोन उभे दोर लागतील. हळूहळू पुढे वाका, मान सैल, गुडघे किंचित सैल. सुरुवातीला दोर कडक होतात. पूर्ण वाकल्यावर, शेवटच्या टप्प्यात, निरोगी पाठीत ते एकदम मऊ पडतात, कारण तिथे भार अस्थिबंध घेतात आणि स्नायू विश्रांती घेतो. कंबरदुखीत बऱ्याचदा हे मऊ पडणं होत नाही, दोर शेवटपर्यंत कडकच.

पोटरीपर्यंतसुद्धा वाकता येत नसेल तर खुर्चीवर बसून करा. पाय फाकवून बसा, एका हाताची बोटं पाठीच्या दोरावर ठेवा आणि दुसऱ्या हाताचं कोपर मांडीवरून घसरवत खाली जा. जिथे थांबाल तिथे तोंडाने सहा सेकंद श्वास सोडा, तीनदा. तिसऱ्या श्वासाला बोटांखालचा दोर थोडा तरी नरमतो का पाहा. नरमला तर तो स्नायू ‘बिघडलेला’ नाही, त्याला सुटायची परवानगी मिळत नव्हती. हेच दिवसातून दोनदा, पाच-पाच वेळा करा. यात सगळ्यात जास्त चूक होते ती श्वास धरण्याची. श्वास धरला की पोट आणि पाठ दोन्ही आवळतात.

पायात मुंग्या किंवा कळ वाकण्याने वाढत असेल तर ही तपासणी सध्या नको.

मात्रा कशी काढायची

बहुतेक लोक व्यायाम चुकीचा करतात म्हणून फसत नाहीत, मात्रा चुकते म्हणून फसतात. रविवारी बरं वाटलं की परसू झाडतात, पोफळीच्या बागेतली झावळं ओढतात, आणि सोमवारी पुन्हा आडवे. मेंदू यातून शिकतो ते हेच की हालचाल म्हणजे संकट.

त्यासाठी एक हिशोब. कोणतंही काम, समजा चालणं, दुखणं वाढायला लागेपर्यंत करा आणि वेळ लिहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. एका दिवशी १२ मिनिटं, दुसऱ्या दिवशी ८, तर सरासरी १०. त्याच्या ८० टक्के, म्हणजे ८ मिनिटं, ही तुमची पायाभूत मात्रा. चांगल्या दिवशीही ८ आणि वाईट दिवशीही ८. आठवड्याला १० ते २० टक्के वाढ. वाढ दुखण्याला विचारून करायची नाही, दिनदर्शिका पाहून करायची.

दुखणं शून्यावर आल्याशिवाय हलायचं नाही, असा नियम ठेवला तर कधीच हलणं होणार नाही. दहापैकी दोन अंकांनी दुखणं वाढलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ पातळीला आलं, तर मात्रा बरोबर आहे. सकाळीही वाढलेलंच राहिलं तर एक पायरी मागे या, बंद करू नका. नव्या व्यायामानंतर एक ते तीन दिवस स्नायू अंबल्यासारखे दुखतात, ते दोन्ही बाजूंना सारखं आणि दाबल्यावर जास्त असतं. ते वेगळं ओळखायला शिका.

व्यायाम

रोज एकदा, साधारण १५ मिनिटं. सकाळचा पहिला तास सोडून.

सुरुवात गुडघे आणि तळहात टेकून. पाठ मांजरासारखी वर फुगवायची, मग खाली सोडायची, टोकापर्यंत न ताणता, सहा ते आठ वेळा. यात ताणणं हा उद्देश नाही, सांध्यांना वंगण आणि मेंदूला ‘इथे हलता येतं’ ही खबर.

त्याच स्थितीत उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे. आठ ते दहा सेकंद धरा, खाली आणा, तोच हात-पाय पुन्हा. एका बाजूला आधी ६, मग थोडी विश्रांती आणि ४, मग २. लांबलचक वेळ धरून थरथरण्यापेक्षा छोटे आणि स्वच्छ फेरे चांगले. थकलेला स्नायू चुकीची पद्धत शिकतो. पाय नितंबाच्या वर गेला की कंबर झोळीसारखी खाली पडते, ही नेहमीची चूक. कमरेच्या खालच्या सपाट भागावर अर्धी वाटी पाणी ठेवून करून पाहा. वाटी कलंडली तर पाय खाली घ्या. सुरुवातीला नुसता पाय चटईवरून मागे सरकवला तरी पुरे.

मग कुशीवर. कोपर खांद्याखाली, गुडघे दुमडलेले, नितंब उचलून गुडघा ते खांदा एक रेघ. दहा सेकंद, तीन ते पाच वेळा, दोन्ही बाजूंना. खांदा दुखत असेल तर उभ्याने भिंतीला कोपर टेकून करा.

पाठीवर झोपून गुडघे दुमडून नितंब उचलणं, दहा वेळा. मांडीच्या मागे गोळा आला तर पाय नितंबाजवळ ओढा; लांब ठेवल्यानेच तो येतो.

शेवटी वाकायला शिकणं. केरसुणीची दांडी पाठीवर उभी धरा, डोक्याची मागची बाजू, खांद्यांमधली जागा आणि माकडहाडाच्या वरचा भाग, तिन्हींना ती टेकलेली. भिंतीपासून वीतभर पुढे उभे राहून नितंब मागे नेत भिंतीला टेकवा. दांडी सुटली म्हणजे कमरेतून वाकलात, खुब्यातून नाही. दहा वेळा. हे कायमचं ‘योग्य वाकणं’ म्हणून नव्हे. वजन उचलण्याचं तंत्र शिकवल्याने कंबरदुखी टळते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. धरलेल्या दिवसांत भार खुब्यांवर न्यायला ही युक्ती उपयोगी, एवढंच. पुढे गोल पाठ करून वाकणंही परत मिळवायचं आहे.

पायात उतरलेल्या दुखण्यासाठी एक कसोटी लक्षात ठेवा. कोणत्याही व्यायामाने दुखणं पावलाकडून कंबरेकडे सरकत असेल तर कंबर थोडी जास्त दुखली तरी तो व्यायाम चालू ठेवा. खाली सरकत असेल तर थांबवा. बऱ्याच जणांना पालथं झोपून हातांवर छाती उचलण्याने, दहा-दहा वेळा, दुखणं वर सरकतं. सगळ्यांना नाही.

पाठीचा नकाशा पुन्हा काढणं

हा भाग गोव्यातच काय, कुठेही फारसा सांगितला जात नाही, आणि करायला खर्च काहीच नाही. जुन्या कंबरदुखीत पाठीवरचा स्पर्श नेमका कुठे झाला हे ओळखणं बिघडतं. ते सुधारण्याचा सराव धरून केलेल्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत (२०२२, २७६ रुग्ण) १८ आठवड्यांनी दुखणं, दिखाऊ उपचार मिळालेल्या गटापेक्षा, दहापैकी सरासरी एका अंकाने जास्त कमी झालं. जादू नाही, पण गोळ्यांपेक्षा वाईटही नाही.

दुसरं माणूस लागेल. पेनाने पाठीवर, दुखऱ्या भागात, तीन ओळींत तीन असे नऊ ठिपके काढा, दोन ठिपक्यांत चार बोटांचं अंतर. कागदावर तसेच ठिपके काढून १ ते ९ क्रमांक द्या आणि कागद समोर ठेवा. जोडीदाराने बाटलीचं बूच किंवा पेनाचं टोपण, कधी हे कधी ते, एका ठिपक्यावर दोन सेकंद टेकवायचं. तुम्ही सांगायचं: किती नंबर, आणि बूच की टोपण. तो लगेच बरोबर उत्तर सांगतो. वीस स्पर्शांचा एक डाव, दिवसाला दोन डाव. वीसपैकी सोळा बरोबर यायला लागले की ठिपके जवळ आणा. पुढचा टप्पा: बोटाने पाठीवर अक्षर काढायचं आणि ओळखायचं. ‘ग’ आणि ‘म’ सुरुवातीला हमखास चुकतात. नुसतं चोळून घेण्याने हा फायदा होत नाही, लक्ष देऊन ओळखणं हाच व्यायाम आहे. घरातल्या मुलांना हे काम द्या, ती कंटाळत नाहीत.

चालणं

एकदा बरं झालेल्यांपैकी बऱ्याच जणांची कंबर वर्षभरात पुन्हा धरते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ७०१ जणांपैकी एका गटाला टप्प्याटप्प्याने चालायला लावलं आणि दुखण्याबद्दल समजावून सांगितलं. सहा महिन्यांत आठवड्यातून पाच वेळा, अर्धा तास, हे लक्ष्य. दुखणं परत यायला चालणाऱ्यांना मध्यक २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांना ११२.

समुद्रकिनारी चालायचं तर ओहोटीला ओल्या घट्ट वाळूवर. भरतीच्या वेळी उतरत्या वाळूत एक पाय सतत खाली राहतो. गेलात त्याच वाटेने परत या, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा भार. कोरड्या वाळूत पहिला महिना नको. पावसाळ्यात चालणं तुटतं. पावसाने कंबर धरते असं म्हणतात, पण हवामान आणि अचानक धरणारी कंबर यांचा संबंध ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात सापडला नाही. चालणं थांबतं हे कारण जास्त पटतं. देवळाचा सभामंडप, बाजाराची छपराखालची रांग, घराचा लांब सोपा, दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करून चालेल.

भीती वाटणाऱ्या हालचालींची उतरंड

कागदावर लिहा: काय करायला भीती वाटते, दहापैकी किती. उदाहरणार्थ चपलेचा पट्टा लावणं ३, विळीवर बसून नारळ खवणं ५, विहिरीतून कळशी ओढणं ७, भरलेला सिलिंडर सरकवणं ९. सगळ्यात खालून सुरू करा. विळीसाठी आधी उंच पाटावर, दोन मिनिटं, अर्धी वाटी. मग पाट बुटका, मग पूर्ण नारळ. प्रत्येक पायरी भीती दोनवर येईपर्यंत करायची, मग वर. करताना ‘काय होईल’ असा अंदाज आधी लिहा आणि नंतर खरंच काय झालं ते लिहा. मेंदू तर्काने पटत नाही, चुकलेल्या अंदाजाने पटतो.

वजनासाठी पाच लिटरचा पाण्याचा कॅन, म्हणजे पाच किलो, एका हातात धरून तीस पावलं चाला, मग हात बदला. पुढे दहा लिटर. वीस लिटरची भरलेली बादली वीस किलोची असते आणि घरगुती सिलिंडर, आतला १४.२ किलो गॅस धरून, तीसच्या आसपास. एकट्याने उचलण्याआधी अर्ध्या वजनाचा सराव झालेला असावा.

कामाच्या जागी

खाणीच्या ट्रकवर किंवा कदंब बसवर चालक असाल तर बसण्यापेक्षा हादरे जास्त बाधतात. सीटचा फोम दबून लोखंड लागत असेल तर आधी तो बदला. गाडीतून उतरल्या उतरल्या जड सामान उचलू नका, आधी पाच मिनिटं चाला. स्कूटरवर गतिरोधक आला की पाय फळीवर रोवून नितंब किंचित उचला.

काजूच्या हंगामात बोंडू वेचताना एकाच बाजूने दोन तास वाकून राहणं वाईट. दर वीस मिनिटांनी एक गुडघा टेकून वेचा, मग दुसरा. हॉटेलात चादर खोचताना गुडघा पलंगाला टेकवून भार घ्या. टेबलावर बसणाऱ्यांनी ताठ बसण्याचा ध्यास सोडावा. बसण्याची एकच बरोबर पद्धत नसते, बदलत राहणं महत्त्वाचं.

झोपायला फळीवर जायची गरज नाही. २००३ च्या स्पॅनिश चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी जुन्या कंबरदुखीला सरस ठरली. कुशीवर झोपत असाल तर गुडघ्यांमध्ये उशी.

एमआरआय, पट्टा, वजन लावणं

कंबर दुखत नसलेल्या लोकांचे एमआरआय एकत्र करून २०१५ मध्ये पाहिले गेले. पन्नाशीच्या लोकांत ८० टक्क्यांना चकतीची झीज आणि ६० टक्क्यांना फुगवटा होता. विशीतही ३७ टक्क्यांना झीज. म्हणून रिपोर्टातलं ‘एल-४ एल-५ ला बल्ज’ (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या चकतीचा फुगवटा) हे पांढऱ्या केसांइतकं सामान्य असू शकतं. धोक्याची चिन्हं नसतील तर पहिल्या सहा आठवड्यांत फोटो काढून उपचार बदलत नाही, फक्त भीती वाढते. खरोखर बाहेर आलेली चकतीही पुष्कळदा शरीर स्वतः शोषून घेतं.

जुन्या कंबरदुखीसाठी पट्टा आणि वजन लावून ताणणं, दोन्ही नकोत असं जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ ची मार्गदर्शक सूचना सांगते. पायात उतरणाऱ्या कळेसाठी सर्रास दिलं जाणारं प्रीगाबालिनही २०१७ च्या चाचणीत दिखाऊ गोळीपेक्षा उजवं ठरलं नाही, आणि चक्कर मात्र वाढली. मात्र चालू असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून उतरवा.

पुन्हा धरली तर

धरणार, हे गृहीत धरा आणि बरी असतानाच एक कागद लिहून फ्रिजवर लावा. पहिले दोन दिवस मात्रा निम्मी: ३० मिनिटं चालत होता तर १५, व्यायामाचे फेरे निम्मे, कॅन नाही. दर दोन तासांनी खुर्चीवर बसून सहा सेकंदांचे तीन श्वास. शेक. तिसऱ्या दिवशी तीन-चतुर्थांश, पाचव्या-सहाव्या दिवशी पूर्ण. धोक्याची चिन्हं रोज एकदा तपासा, दहा वेळा नाही. सहा आठवड्यांत उतार पडला नाही, किंवा पायातली अशक्तता वाढली, तर फिजिओथेरपिस्ट किंवा अस्थिरोगतज्ज्ञ.

चवथीसाठी वेगळी आखणी लागते, कारण साफसफाई, माटोळी (गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची चौकट) आणि नेवऱ्या (करंज्या) एकाच आठवड्यात येतात. माळा आणि जड भांडी पंधरा दिवस आधी, दिवसाला अर्धा तास. माटोळी बांधताना हात डोक्यावर ठेवून दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही, शिडीखाली दुसरं माणूस. नेवऱ्या जमिनीऐवजी टेबलावर, आणि दर घाण्यामागे उठून एकदा परसात जाऊन यायचं.